भिंतीखाली गेलेला पाट

प्रिय हरेश,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद घेऊन बसले. चामटोलीहून कात्रप रिक्षाने किती लांब, आणि तरी सख्ख्या भावाला पोस्टाने पत्र धाडावं लागतंय. ऋतिकाला नववीच्या सहामाहीत पहिला नंबर मिळाल्याचं स्टेटस पाहिलं. बरं वाटलं. तुझ्या पोरीचा राग करणं मला काही जमत नाही.

इकडे भात यंदा चांगलं झालं. दसरा झाल्यावर नेहमीसारख्या बंधाऱ्याला फळ्या टाकल्या आणि पाट सोडला. पाणी तुझ्या शेताच्या बांधापर्यंत आलं, भिंतीला अडलं आणि उलटं फिरून ओढ्यात गेलं. तुझं शेत म्हणायची सवय जात नाही बघ. तू ते जूनमध्ये फार्महाउसवाल्याला विकलंस, त्याने पंधरा दिवसांत कंपाउंड घातलं. पावसात सगळीकडेच पाणी, तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही. आता खालची आमची सात घरं कोरडी आहेत. मिरचीची रोपं माझ्या दारात वाफ्यातच वाळली. भिंतीखालून पाण्याला वाट द्या म्हणायला गेले, तर वॉचमन म्हणाला, "प्रायव्हेट है बाई, अंदर नहीं आने का." आईने मला लावणी शिकवली ते शेत आता प्रायव्हेट झालंय.

पाट खोदला ते वर्ष आठव. घरटी एक माणूस, दर रविवारी. पाणी भरलेल्या प्लॅस्टिकच्या नळीने उतार बघायचा. एक टोक तू धरायचास, एक मी, आणि मस्करीत तू तुझं टोक उचलून सगळ्यांचं माप चुकवायचास. तुझ्याच शेतात काळा दगड लागला. तो फोडताना ह्यांच्या अंगठ्याचं नख गेलं. कुणाच्या जमिनीतून पाट किती जाणार, ते सगळं तोंडीच ठरलं होतं.

त्याच उन्हाळ्यात उल्हासनगरला रजिस्ट्री ऑफिसात मी हक्कसोडपत्रावर सही केली आणि बाबांच्या जमिनीतला माझा वाटा तुझा झाला. वकिलाने मला बाजूला घेऊन विचारलं होतं, पाटाची एक ओळ घालू का? मी त्याच्यावरच चिडले. भावाकडून पाणी लिहून घेणारी बहीण मला व्हायचं नव्हतं. लोक काय म्हणतील हे होतंच, पण खरं सांगायचं तर मला तो मोठेपणा आवडलाही होता. मग तू बाजारातून मला साडी घेऊन दिलीस. पहिल्याच धुण्यात तिचा रंग गेला. इतकी वर्षं कुणाला बोलले नाही, आज बोलते.

अंबरनाथला तहसील कचेरीत गेले. सातबाऱ्यावर पाट कुठेच नाही म्हणाले. तुझ्या खरेदीखतात मात्र लिहिलंय, या जमिनीतून कुणाचीही पाण्याची वाट जात नाही. खाली तुझी सही. मी ते दोनदा वाचून घेतलं. पाट पहिल्यांदा वाहिला तेव्हा पाण्याच्या पुढे पुढे चपला सोडून धावणारा तू, आणि ही सही करणारा तू. मला फार लागलं ते, हरेश. शेत विकलंस त्याचंही इतकं लागलं नव्हतं.

भाऊबीजेला मी ओवाळणीचं ताट करून ठेवलं होतं. आपण होऊन भिंतीचा विषय काढायचा नाही, तूच काढशील, असं ठरवलं होतं. तू आलाच नाहीस. पाण्याची वाट अडवली तर सहा महिन्यांच्या आत दावा लावावा लागतो म्हणे. मुदतीचे नऊ दिवस उरले होते, म्हणून काल लावला. पहिलं नाव फार्महाउसवाल्याचं आहे, दुसरं तुझं. सात घरांतलं कुणीही माझ्या तोंडाकडे बघून तुझं नाव घालायला तयार नव्हतं. शेवटी मीच म्हटलं, घाला. नोटीस येईल. ती दारात आलेल्या शिपायाकडून कळण्याआधी तुला बहिणीकडून कळावं, एवढ्यासाठी हे लिहिलं. सुनावणीला तुला विचारतील, पाट होता का. तेव्हा मी समोरच उभी असेन. माझ्याकडे बघून उत्तर दे.

अजून तरी तुझीच,
काशीताई