दांडीवरची जागा

४ जानेवारी
ठरलं. बाबांची सायकल नव्यासारखी करायची. रंग मी स्वतः देणार. दुकानात दिली तर ते नुसतं काम होईल, सेवा होणार नाही. मुदत बाबांच्या वाढदिवसाची, म्हणजे २२ फेब्रुवारी. मला एवढा वेळ लागणारही नाही, पण असू दे.

कारण लिहून ठेवतो. बाबांना आता माणसं ओळखू येत नाहीत. माझ्या बायकोला ते नर्सबाई म्हणतात आणि मला मीटरवाले. रोज सकाळी विचारतात, झालं का रीडिंग? मी झालं म्हणतो. पॅसेजमधली सायकल मात्र बरोबर ओळखतात. चहा झाला की भिंत धरत धरत तिच्यापाशी जातात, दांडीवर हात ठेवतात आणि अंगठ्यानं एकच जागा चोळत उभे राहतात. तिथला रंग उडून लोखंड उघडं पडलंय. मी लहान असताना माझं छोटं सीट तिथं कसलेलं असायचं. चोळता चोळता मलाच सांगतात, इथं आमचे चिरंजीव बसतात.

म्हणजे तो डाग त्यांच्या मनाला किती लागलाय बघा. रोज बोट ठेवून दाखवतात. डाग माझ्यामुळे पडला, तेव्हा मीच काढणार. चकचकीत सायकल पाहतील आणि मला हाक मारतील, पूर्वी मारायचे तशी. दुसरं काही नको मला.

५ जानेवारी
बायको म्हणाली, फडक्यावर थोडं तेल घेऊन पुसून काढा, तेवढं पुरे. साफसफाई आणि रिस्टोरेशन यांतला फरक तिला कोण समजावणार. मी सहा व्हिडिओ पाहिलेत. एकात तेल लावून पुसायलाच सांगत होता, तो मी मध्येच बंद केला.

ऑफिसात रजेचा अर्ज दिला. कारण, वडिलांची शुश्रूषा. साहेब म्हणाले, तुमच्यासारखी मुलं आता राहिली नाहीत. मलाही तसंच वाटतं.

८ जानेवारी, संध्याकाळ
गॅलरीत सायकल खोलली. चाकं, हँडल, चेन, सीट सगळं वेगळं. बेअरिंगमधले छर्रे घरंगळले, बरेचसे सापडले. स्क्रू बायकोच्या रिकाम्या डब्यांत ठेवले. सगळे डबे रिकामे नव्हते, त्यावरून थोडी बोलाचाली झाली.

बाबा सकाळी पॅसेजमध्ये गेले. सायकल नाही. हात भिंतीवर ठेवून तसेच उभे राहिले. मी सांगितलं, दुरुस्तीला दिलीय. तर म्हणाले, मग चिरंजीवांना शाळेतून आणायचं कसं? मला हसू आलं. बायकोला आलं नाही. दिवसभर त्यांना आंघोळ घालून, भरवून तिची विनोदबुद्धी कमी झालीय. तिनं स्वतःसाठी एखादा छंद शोधायला हवा.

११ जानेवारी
ताईचा फोन. ताई परगावी असते आणि उंटावरून शेळ्या हाकते. विचारलं, बाबांजवळ बसतोस ना रे? मी म्हणालो, सकाळपासून बाबांचंच करतोय. तिला बरं वाटलं. यात खोटं एक अक्षर नाही.

रंग उतरवायचं जेल लावलं. हातमोजे घाला असं दुकानदारानं सांगितलं होतं, पण मोजे घालून कामातला जिव्हाळा जातो. बोटं भाजली. रंग मात्र पापुद्र्यापापुद्र्यानं सुटला. डागाची कड सँडपेपरनं घासून घासून सपाट केली. शेवटी डोळे मिटून अंगठा फिरवून पाहिला. दांडी या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी. खूप दिवसांनी समाधान वाटलं.

१९ जानेवारी
मूळ रंग गडद हिरवा. किती गडद, असं दुकानदारानं विचारलं. नमुना आणा म्हणाला. नमुना म्हणजे पापुद्रे, ते केरात गेले. बाबांची सायकल मी जन्मापासून पाहतोय, नमुना हवा कशाला? त्यानं पत्रकावर सतरा हिरवे दाखवले. त्यांतले चार अगदी तेच होते. एक निवडला.

२४ जानेवारी
प्रायमरचा हात दिला. तांबडा. सांगाडा फार देखणा दिसतो, पाहत बसलो.

बाबांचं खाणं कमी झालंय. चहा तसाच ठेवून पॅसेजमध्ये जातात. बायको खुर्ची नेऊन देते, बसत नाहीत. अंगठा भिंतीवर चोळतात. भिंतीचा रंग तिथं मळलाय, तोही एकदा बघावा लागेल. बायको म्हणाली, आहे तशी जोडा आणि उभी करा जागेवर, पाया पडते. मी विचारलं, प्रायमरवर? चांगल्या कामाला वेळ लागतो हे या घरात कुणाला पटत नाही.

३० जानेवारी
रंग मारला. डब्यात गडद दिसला, सांगाड्यावर पोपटी निघाला. गॅलरीतल्या उजेडाचा दोष. शिवाय चार ठिकाणी ओघळ आणि दांडीवर मधोमध एक चिलट चिकटलं. ते काढायला गेलो तर बोटाचा ठसा उमटला. करायला गेलो एक अन् झालं भलतंच, असं दुसरा कुणी म्हणाला असता. मी याला सराव म्हणतो. सगळा उतरवून पुन्हा सुरुवात.

रजा वाढवली. कारण तेच.

६ फेब्रुवारी
दुपारी बाबा घराबाहेर पडले. बायको जरा आडवी झाली होती. मी मास्क लावून गॅलरीत होतो. रंगाचा दुसरा हात चालू असताना कुणी मागून गेलं तर कसं कळणार? शाळेच्या फाटकापाशी सापडले. अनवाणी. वॉचमनला सांगत होते, मुलाला न्यायला आलोय, सायकल मिळत नाही म्हणून चालत आलो, त्याला जरा थांबवून ठेवा. वॉचमन भला माणूस, त्यानं स्टुलावर बसवून पाणी दिलं होतं.

बायको पुष्कळ रडली. मी चांगली बाजू बघतो. घर ते शाळा चालत गेले, कुणाचा हात न धरता. चालायला डॉक्टरांनीच सांगितलं होतं. ओला रंग तसाच टाकून धावावं लागल्यामुळे मागच्या बाजूला धूळ बसली. त्याचा दोष मी बाबांना देत नाही.

येताना त्यांचा हात धरला. त्यांनी सोडवून घेतला नाही. अर्ध्या वाटेत म्हणाले, तुमचे हात फार खरखरीत झालेत हो मीटरवाले, इतकं काम करत जाऊ नका. मला वाईट वाटलं. खरं तर फार वाटलं. सायकलीला ओळखतात आणि मला नाही. सायकलीचा हेवा करण्याइतका मी लहान नाही, पण लिहायला हरकत नाही म्हणून लिहिलं.

१६ फेब्रुवारी
शेवटचा हात झाला. पोपटीच आहे, पण उठावदार पोपटी. ओघळ एकच, तो खालच्या बाजूला. सोनेरी रेघा ब्रशनं मारल्या. जवळून थरथरल्यासारख्या दिसतात, लांबून हातकाम वाटतं. सायकल कुणी इतक्या जवळून बघत नाही.

बाबा सध्या झोपूनच असतात. घर शांत आहे. त्यामुळे काम झपाट्यानं झालं.

२१ फेब्रुवारी
जोडणी पूर्ण. तीन छर्रे आणि एक स्क्रू उरला. कंपन्या जास्तीचे घालतात. ब्रेक लागत नाही, पण आता चालवतंय कोण.

उद्याचा बेत असा. ताई सकाळी पोचेल. सायकल पॅसेजमध्ये, वर चादर. मी बाबांना धरून आणणार आणि चादर काढणार. हाक मारली की ताईनं फोटो घ्यायचा. ताईला बजावून ठेवलंय, हात हलू देऊ नकोस.

२२ फेब्रुवारी
बाबांना उठवून आणलं. चादर काढली. त्यांनी हात पुढे केला, नेहमीसारखा, दांडीवर ठेवला. अंगठा फिरवला. थोडा पुढे नेला. मग मागे. मग पार हँडलपर्यंत नेऊन पुन्हा सीटपर्यंत आणला. बराच वेळ तेच चाललं होतं. ताई फोन धरून उभी होती.

मग हात काढून घेतला आणि म्हणाले, छान आहे. कुणाची?

मी म्हणालो, बाबा, तुमचीच. ते म्हणाले, थट्टा करू नका मीटरवाले. ताईकडे वळून तिला विचारलं, बाई, आमची सायकल कुठं दिसली का हो? तिच्यावर आमचा मुलगा बसलाय. लहान आहे, मी जवळ नसलो तर घाबरतो. ताईनं फोन खाली केला आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला. बायको बाबांना आत घेऊन गेली. मी चादर घडी करून ठेवली.

२३ फेब्रुवारी, सकाळ
खचून चालणार नाही. चूक लक्षात आली आणि ती छोटी आहे. डाग परत पाडायचा. सँडपेपर आहेच, पाच मिनिटांचं काम.

डाग नक्की कुठं होता?

बायकोला विचारलं. म्हणाली, मी कधी हात लावून पाहिला नाही, तुम्हीच घासलात ना? मी डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. सपाट झालेली दांडीच आठवते. ताई सामान भरत होती, तिला विचारलं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, मला काय विचारतोस, तू बसायचास तिथं.

दुपार
ताई गेली. म्हटलं, बसून बघावं. माणूस मोठा झाला तरी बसायची जागा तीच, बाकीचा अंदाज करता येईल. सायकल स्टँडवर होती. दांडीवर एका बाजूनं बसलो, दोन्ही पाय एकीकडे, हात हँडलवर. दांडी फार टोचते. पूर्वी टोचत नव्हती, छोट्या सीटला गादी होती आणि मागे बाबा असायचे. त्यांचा श्वास डोक्यावर लागायचा. हे मी विसरलो होतो.

अंगाखाली पेन्सिलीनं खूण करणार, तेवढ्यात बाबा भिंत धरून आले. आठवडाभरात पहिल्यांदाच आपणहून उठले होते. माझ्यामागे येऊन उभे राहिले. मी हललो नाही. त्यांनी खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, आता.

बाबा म्हणाले, मीटरवाले, उतरा बघू. ती जागा माझ्या मुलाची आहे.

मी उतरलो. पँटला मागून पोपटी पट्टा लागलाय. रंग पुरता वाळायला दहा दिवस लागतात, असं डब्यावर लिहिलं आहे. आज वाचलं.