उजवं बटण माझं
कावासाकी, गुरुवार, १४ मार्च १९९६

जावयाने कोणाला न विचारता नवीन विंडोजचा नवीन कॉम्प्युटर आणला आणि आमचा पिनबॉलचा जुना गेम बंद! कॉन्व्हेंटमधलं सगळं इंग्रजी वापरून झापला त्याला. दर गुरुवारी त्याची आई येते. विहीणबाईंना ना मराठी, ना इंग्रजी; माझं जपानी ‘आरिगातो’पाशी संपतं. डाव्या फळीचं बटण त्यांचं, उजव्या फळीचं माझं; दोघींनी मिळून चेंडू खाली पडू द्यायचा नाही. आमच्या गप्पा त्या एवढ्याच. त्याही घालवायच्या?

संध्याकाळी गेम लागला एकदाचा, पण चेंडू दिसेचना. पापणी लवेपर्यंत हरलो.

“आई, नवीन मशीन फास्ट,” जावई तोडक्या मराठीत म्हणाला. “मी स्लो करतो.”

“कर. आम्ही म्हाताऱ्या आहोत, बुलेट ट्रेन नव्हे!”

विहीणबाई तोंडावर हात धरून हसत होत्या. मग त्यांनी माझं बोट धरलं आणि परत उजव्या बटणावर ठेवलं.