वसतिगृहाच्या न्हाण्या

३ मार्च
आले बाई एकदाची अमरावतीला! अकोटहून एसटीत उभ्याने आले, पण तक्रार नाही. खोली ऐसपैस आहे, न्हाणीघर आतच. घरमालकीण माणिकबाईंनी दारातच विचारलं, फ्रेंच शिकून कोनाचं भलं होते वं पोरी? म्हटलं, बघालच.

नोकरी किशोर सरांच्या इंजिनिअरिंग ऑफिसात. आफ्रिकेत एका फ्रेंच बोलणाऱ्या गावी मुलींचं वसतिगृह आहे, त्याची न्हाणीघरं नव्याने करायची आहेत. सांडपाण्याचे नकाशे इथे काढलेत. त्यांवरची इंग्रजी आद्याक्षरं तिकडच्या मिस्त्रींना कळतील अशी फ्रेंचमध्ये लिहायची, हे माझं काम.

१० मार्च
नकाशाभर नुसती अक्षरंच अक्षरं. सर म्हणाले, अडलं तं इचारत जाय, लाजू नोको. पण मला कुठे अडतंय! ‘एन.टी.’ म्हणजे नहाणी ट्रॅप, हे वाचून तर हसूच आलं. न्हाणी मला कोणी शिकवायची? अकोटला आमच्या न्हाणीच्या कोपऱ्यात भोक आहे, पाणी तिथून परसातल्या केळीला जातं. मी फ्रेंचमध्ये लिहून टाकलं, ‘पाणी जायचं भोक’. चारही मजल्यांवर तेच. सरांनी शाबासकी देऊन नकाशे रवाना केले.

२२ एप्रिल
न्हाणीघरं तयार झाली, मुली राहायलाही आल्या. अधीक्षिका मादाम साल यांचा मेल आहे की मोरीतून सडक्या अंड्यांसारखा वास येतो.

आज पहिल्यांदा ट्रॅपचं चित्र उघडून पाहिलं. भोकाखाली एक वाटी असते, तिच्यात पाणी साचून राहतं, म्हणून मैल्याच्या टाकीतला गॅस वर येत नाही. आमच्या परसात टाकीच नव्हती. तिथे टाकी आहे, आणि वाटी मी खाऊन टाकली.

तिकडचे मेल मीच सरांना मराठीत सांगते. आज सांगितलं, नव्या रंगाचा वास येतोय म्हणतात. नोकरी जाईल या भीतीने इतकं सरळ खोटं बोलले, आणि सरांनी मान डोलावली.

३० एप्रिल
माझ्या न्हाणीत तोच वास. माणिकबाईंना बोलावलं. त्या वाकून हुंगून म्हणाल्या, काईच नाई येऊन राहिलं, ऊन लागलं तुले. मग लिंबाचं सरबत करून दिलं. त्यांच्या मायेनेच जास्त रडू आलं.

६ मे
आमिनाता नावाची मुलगी आंघोळ करताना कोसळली. दवाखान्यातून परत आली आहे. मादाम साल विचारतात, काय करू? सरांना मी सांगितलंच नाही. परस्पर उत्तर दिलं, खिडक्या उघड्या ठेवा.

दुपारी माझ्या मोरीतून खोकल्याचा आवाज. एकीचा नाही, पुष्कळ जणींचा. बादलीभर पाणी ओतलं. पाणी घटाघटा गेलं, जणू कोणी पीत होतं.

११ मे
मोरीवर पाटा ठेवलाय. तरी खालून फ्रेंचमध्ये— हळू, शाळेतल्या मुली धडा म्हणतात तसं. माझेच शब्द. पाणी जायचं भोक. पाणी जायचं भोक. सरांना सांगायचं म्हणून दोनदा केबिनपर्यंत गेले. दोनदा परत—

१४ मे, सकाळ
मादाम सालांचा मेल. वास गेला! आपोआप गेला, मुलींनी आभार कळवलेत. माझ्याही न्हाणीत आज वास नाही, आवाज नाही. सुटले.

१४ मे, दुपार
सरांना सहज म्हणून विचारलं, टाकीचा वास आपोआप जातो का हो? त्यांनी हातातला चहा खाली ठेवला. म्हणाले, गॅस वाढला का आधी नाकच मरते, वासच येत नाई. मंग मानूस. काहून इचारून राहिली?

मी म्हणाले, सहजच.

सहजच म्हणाले मी! तेव्हाही.

धावत खोलीवर आले. मेल लिहून झालाय. मुलींना बाहेर काढा, आत्ता, एकही आत नको, चूक माझी आहे, आचलची. फक्त पाठवायचाय. खोलीत वास काहीच नाही— फुलं हुंगली, रॉकेल हुंगलं, उदबत्ती लावली, कशाचाच नाही— पाटा सरकलाय—

आधी मेल पाठवायचा होता. ही वही नंतर. इथेही आधी स्वतःचीच बाजू लिहीत बसले. फोन हाताशी आहे, बोट पोचत— एकच बटण— आमिनाता, थांब गं, आत जाऊ नको, मी आत्ता पाठव