चारच्या आकड्याजवळचा डाग

मी, खाली थरथरती सही करणारा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा घड्याळदुरुस्ती (चार वर्षांपासून बंद), नाव-पत्ता सोबत जोडलेल्या ओळखपत्राप्रमाणे, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. अक्षर वेडेवाकडे आहे ते हाताच्या कंपामुळे, डोक्यामुळे नव्हे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. तो देण्याआधी त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. मी थेट दोनपर्यंत उतरलो. डॉक्टर स्वतः एकोणऐंशीला अडखळले.

माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही की कोणी गोड बोलून काही लिहून घेतलेले नाही. गोड बोलायला घरात कोणी उरलेले नाही. पूर्वीच्या मृत्युपत्रात मी सगळे पत्नीला दिले होते. ती आधी गेली, म्हणून ते रद्द समजावे.

कलम १. दुकान आणि त्यावरच्या दोन खोल्या माझ्या पुतणीला, म्हणजे धाकट्या भावाच्या एकुलत्या मुलीला द्याव्यात. जिन्यातली खिडकी नीट लागत नाही, घडी केलेला पुठ्ठा लावावा लागतो. पुतणीने हे घर काकांची आठवण म्हणून सांभाळत बसू नये. गिऱ्हाईक मिळाले की विकून मोकळे व्हावे.

कलम २. बँकेत जे असेल ते भावजयीला, धाकट्याच्या शुश्रूषेसाठी. तो गेल्या वर्षापासून अर्धांगाने अंथरुणावर आहे. त्याची डावी बाजू गेली आहे आणि माणसे ओळखू येत नाहीत. भावजय मला कधी एका शब्दाने टाकून बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

कलम ३. डोळ्याला लावायचे भिंग शेजारच्या चष्मेवाल्याला द्यावे. गेली तीस वर्षे तो ते उसने मागतो आणि मी नाही म्हणतो. बाकी चिमटे, पेचकस, तेलाच्या सुया अशा माणसाला द्याव्यात, ज्याला नुसत्या आवाजावरून घड्याळाचे दुखणे कळते. असा माणूस वर्षभरात मिळाला नाही तर सगळे भंगारात घालावे. मला तो गेल्या दहा वर्षांत मिळालेला नाही. येतात ते सेल बदलणारे.

कलम ४. खालच्या खणात अकरा जुन्या डायल आहेत. काहींवर चहाचे, काहींवर वॉर्निशचे डाग आहेत, दोन उन्हात भाजलेल्या आहेत. त्या कोणालाही देऊ नयेत. त्या का आहेत ते पुढे येईल.

कलम ५. माझ्या मनगटावरचे घड्याळ.

याच्यासाठी एक दाताचे डॉक्टर सहा वर्षे दर महिन्याला येत आहेत. ते जुनी घड्याळे जमवतात. त्यांना हे घड्याळ देऊ नये, पण त्यांचे म्हणणे इथे नोंदवतो, कारण ते खरे आहे. ते म्हणतात, हे घड्याळ मिरवत नाही. पातळ आहे, शर्टाच्या बाहीखाली सरकून गप्प बसते. सोन्याची केस, तीन काटे, तारीखसुद्धा नाही. चावी न देता हाताच्या हालचालीवर चालते, म्हणजे माणूस हिंडता-फिरता आहे तोवर ते जिवंत. आत मागच्या झाकणावर, ज्या ज्या कारागिराने ते उघडले त्याने सुईने कोरलेली तारीख. आणि शेवटी ते चुकचुकतात, “मालक, फक्त डायल तेवढी नवी केलीत हो. जुनी असती तर! नवं कोणीही करून देईल, जुनं कोण करणार?”

हेच माझा धाकटा पन्नास वर्षांपूर्वी म्हणत असे. जुन्या घड्याळांचे वेड त्याला याच एका घड्याळाने लावले. मी दुरुस्तीवाला, माझ्या लेखी डाग म्हणजे काढायची गोष्ट. यावरून आम्ही जेवताना भांडायचो आणि हसायचोही.

घड्याळ बाबांचे. मी अकरा वर्षांचा आणि धाकटा चार वर्षांचा असताना बाबा आम्हाला बागेतल्या तळ्यावर घेऊन गेले. “याचा हात सोडू नकोस,” असे मला बजावून ते नावेची तिकिटे काढायला वळले. तळ्यापलीकडे एक मनोरा होता. त्यावरच्या घड्याळाचा मोठा काटा उडी मारून पुढे सरकतो असे मी ऐकले होते. तो सरकताना बघायला मी दोन पावले पुढे गेलो आणि हात सोडला.

बाबांनी बुटांसकट, घड्याळासकट उडी मारली. धाकटा वाचला. घड्याळात पाणी गेले आणि चारच्या आकड्याजवळ मसुराएवढा तपकिरी डाग पडला. घरी सांगताना बाबा म्हणाले, “पोरगं घसरलं.” माझे नाव त्यांनी तेव्हा घेतले नाही आणि पुढेही कधी घेतले नाही. एक थोबाडीत ठेवून दिली असती तर मी सुटलो असतो. पण जन्मभर, किती वाजले ते बघताना त्यांचा अंगठा काचेवरून चारपाशी फिरायचा आणि मी दुसरीकडे बघायचो.

बाबांनी जाताना घर मला दिले, घड्याळ त्याला. धाकटा ते रोज घालायचा. लोकांना डाग दाखवून सांगायचा, “हा माझा जन्मदाखला.” हात कोणी सोडला ते त्याला माहीत नव्हते.

एकवीस वर्षांपूर्वी, त्याच्या पन्नाशीच्या आधी, त्याने घड्याळ माझ्याकडे टाकले. “दादा, फक्त तेलपाणी कर. डायलला हात लावू नकोस.” वाढदिवसाला मी ते त्याच्यापुढे ठेवले. केस घासूनपुसून चकचकीत, डायल पांढरीशुभ्र.

त्याने ते उजेडात नेऊन बराच वेळ बघितले.

“दादा, डाग कुठाय?”

“गेला रे. धुताना चुकून रंगच उडाला, म्हणून नवीन रंगवून घेतली.”

“तू बाबांना पुसून टाकलंस.”

घड्याळ काउंटरवर ठेवून तो गेला, तो पुन्हा दुकानाची पायरी चढला नाही. मी त्याच्या दारात गेलो की तो आतल्या खोलीत जायचा. तसा डाग पुन्हा पाडता येतो का, हे मी अकरा डायलींवर करून पाहिले. येत नाही.

आता जे कोणालाच सांगितले नाही ते या कागदावर शुद्धीत लिहितो. रंग चुकून उडाला नव्हता. मी तो डाग दुपारच्या लख्ख उजेडात, भिंग लावून, स्वतःच्या हाताने पुसला. पन्नाशीच्या समारंभात तो पुन्हा सगळ्यांना डाग दाखवणार आणि मी पुन्हा बाजूला बघत उभा राहणार, हे मला नको होते. ज्याला खात्री करायची असेल त्याने मागचे झाकण उघडावे. माझ्या गुरूच्या तारखा आहेत, माझ्याही आहेत. त्या साली मात्र काही कोरलेले नाही. चुकलेल्या कामावरही कारागीर तारीख घालतो. मी घातली नाही, कारण ती चूक नव्हती.

गेल्या महिन्यात मी धाकट्याकडे गेलो. या वेळी त्याला आत जाता येत नव्हते. पलंगाशी बसून मी सगळे सांगितले, तळ्यापासून डायलपर्यंत. त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग माझ्या मनगटाकडे बघून म्हणाला, “घड्याळ छान आहे. नवीन घेतलंत का?”

जन्मभर मला अरे-तुरे करणारा माझा भाऊ. मी हो म्हणालो.

निघताना घड्याळ त्याच्या डाव्या मनगटावर बांधले. चौथ्या दिवशी भावजय ते परत घेऊन आली. “दादा, हे बंद पडलंय. बिघडलं वाटतं.” बिघडले नव्हते. त्याचा हात हलत नाही, एवढेच. मी ते माझ्या हातावर चढवले आणि ती जिना उतरायच्या आत ते चालू झाले. ज्या कंपाने माझा धंदा बंद पाडला, त्याच कंपावर हे घड्याळ आता रात्रंदिवस चालते. मी स्वस्थ बसलो तरी थांबत नाही.

तरी पुतणीने माझ्या माघारी इतके करावे. मी गेल्यावर घड्याळ चालू असतानाच माझ्या हातातून काढावे. माझ्याबरोबर ठेवू नये. उशीर न करता ते धाकट्याच्या मनगटावर बांधावे आणि पट्टा एक भोक आत घ्यावा, त्याचा हात वाळला आहे. तिथे ते चाळीसएक तास चालेल. तेवढा वेळ मी त्याचा हात धरला आहे, असे समजावे. मग ते बंद पडेल. पुन्हा चालू करू नये.

सही : (थरथरती, खात्रीसाठी शेजारी डाव्या अंगठ्याचा ठसा)

साक्षीदार १ : शेजारचा चष्मेवाला. कलम ३ मधल्या भिंगामुळे त्याची साक्ष चालणार नाही असे कळल्यावर त्याने भिंगावर पाणी सोडले आणि सही केली. कलम ३ मधला भिंगाचा मजकूर रद्द.

साक्षीदार २ : डोके तपासणारे डॉक्टर.

स्थळ : दुकानाच्या वरची खोली.

दिनांक : ११ जानेवारी २०२४, गुरुवार. दुपारचे चार, याच घड्याळाप्रमाणे.