टेबलातून आलेला ठोका

तीर्थरूप आबा, लीड्सहून, लांबूनच तुमच्या पाया पडते.

मी हितं ज्या आजींना सांभाळते, त्या काही चांगलं बोलल्या की "टच वुड" म्हणून लाकडाला हात लावतात. पूर्वी म्हणं लोकांना वाटायचं, झाडात कुणीतरी राहतंय. त्याला हात लावला की नशीब टिकतंय.

काल मी म्हणलं, "आमच्या घरी समदी बरी हायती," आन् टेबलावर तीनदा ठोकलं. आतून चौथा ठोका आला. आजी हसल्या न्हाईत.

आईचा खोकला कमी हाय ना?

भवानीनगरच्या मळ्यातला कडूलिंब तोडायच्या आधी हळदकुंकू वाहून, आतल्याला दुसरीकडं जायला सांगा, नेहमीसारखं. हितलं टेबल ज्या झाडाचं, त्याच्या आतल्याला तसं कुणी सांगितलेलं दिसत न्हाय.

तुमची लेक,
स्वप्नाली