ठेक्यात बसलेलं नाव

चि. सौ. मैनास, मु. दर्यापूर, अकोल्याहून चंद्रभानाचा आशीर्वाद.

मी खुशाल आहो. खोकला गेला, जेवनबी बरं भेटते. पन कापसाच्या गाड्यांच्या या गर्दीत जीव एका जागी ठरत नाही. मी कामाले आहो त्या छापखान्याचे मालक शाहिरांवर पुस्तक काढून राहिले. म्हनून मी दारोदार पुसत फिरतो, गानं सुचते कसं? कोनी म्हनते देवी देते, कोनी म्हनते डफ देते.

काल उस्मान शाहिराकडे गेलो. त्याची नवी लावनी साऱ्या अकोल्याच्या तोंडी आहे. तो म्हने, "सुचते कायचं, बाप्पा? दर्यापूरच्या मुक्कामी शेजारची बाई पहाटे जात्यावर गात होती, ते उचललं." मंग त्यानं म्हनून दाखवलं:

कापसाच्या गेल्या गाड्या, आल्या परतून घरा
चंद्रभान माहा भाऊ, कोन्या गुतला बाजारा

मी पुसलं, "हा चंद्रभान कोन?"

"काय मालूम. ठेक्यात बसला, म्हनून राहू देला."

मी मान खाली घालून तेवढंच लिहून घेतलं.

मैना, दिवाळीले तुले न्याले आलो नाही. दाजी तं पत्रात 'सारं ठीक' लिहितात. तू जात्याले सांगतलं, मले काहून नाही सांगतलं? दाजी, हे वाचून दाखवताना हसू नका.

सासूबाईचे गुडघे कसे आहेत? त्यायले सांग, सोमवारी गाडी घेऊन येतो. तवरोक इथं बाजारात कोनीबी ते गानं म्हनलं का मी ओ देतो.

तुहा गुतलेला भाऊ,
चंद्रभान