सोडेल ती

आकुर्डी,
८ जानेवारी २०२५

प्रिय विजयश्री आत्या,
सप्रेम जय भीम.

तुझा गुडघा कसा आहे? इकडे सगळं ठीक. मम्मीचे तिळाचे लाडू झालेत, थोडे कडक झालेत. पप्पा बरे आहेत.

तुझ्या लांबलचक व्हॉइस मेसेजला मेसेजनेच उत्तर दिलं असतं, तर तो तू शेजारणींना ऐकवला असतास. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. म्हणून हा कागद.

तू पाठवलेले पाहुणे रविवारी मला बघून गेले. थोर माणसं. मी बुरशीवर पीएचडी करते म्हटल्यावर नीलाबाईंनी विचारलं, "म्हंजे लोणच्यावर येती ती?" मी म्हटलं, तिच्या लांबच्या नात्यातली. मग सोपं करून सांगितलं. ही बुरशी गवताच्या पानाच्या आत राहते, रोग करत नाही. गवत तिला साखर देतं, ती किडीला नकोसं वाटेल असं काहीतरी कडू तयार करते, दोघांचं चालतं. खायला कमी पडलं की ती स्वतःतलेच जुने, मोडके भाग पचवून दिवस काढते. ते काम ज्या जनुकांमुळे होतं, त्यातलं एक मी बंद करते आणि गवताचं नि तिचं पुढे काय होतं ते बघते.

"अगंबाई, स्वतःलाच खाती? आन् पोहे खाताना सांगतीस!" म्हणाल्या.

त्यांचे चिरंजीव बुद्धरत्न फोनमधून मान वर न करता म्हणाले, "पण यात स्कोप काय?" चाकणहून इथवर ट्रॅफिकमध्ये बसून माणसाने एवढाच प्रश्न आणला. लग्नानंतर मला आपल्या कंपनीत एचआरला लावून देतील म्हणे. जणू मी माळ्यावर पडलेला मिक्सर आहे आणि हे दुरुस्त करून वापरात आणणार.

असो. त्यांच्याकडून माझी काही अपेक्षाच नव्हती. तुझ्याकडून होती. आणि तू म्हणतेस, "अगं, तुझी ती बुरशी बी स्वतःला खाऊन परक्याच्या घरात टिकती. मग तुला काय धाड भरलीय?" वा, आत्या! हे वाक्य पुढच्या महिला मेळाव्यात नक्की वापर, टाळ्या पडतील.

फक्त ते चूक आहे. ती मोडकं खाते, चालू असलेलं नाही. आणि उपाशी पडल्यावर खाते, घरमालकिणीला आवडावं म्हणून नाही. शिवाय गवत तिला पोसतं. नीलाबाई काय देणार होत्या? पोह्यांत मीठ कमी आहे, हे सांगण्यापलीकडे त्यांनी काही दिलेलं मला आठवत नाही.

पप्पांबद्दल लिहायचं टाळतेय, हे तुझ्या लक्षात आलं असेल.

"लग्नानंतर हे चालायचं न्हाई," असं नीलाबाई म्हणाल्या. मी तोंड उघडायच्या आत पप्पा बशी पुढे करत म्हणाले, "सोडेल ती."

माझ्या कुंड्यांसाठी लोखंडी स्टँड त्यांनी स्वतः वेल्ड करून दिलाय. विहारात भेटेल त्याला ते माझ्या जनुकाचं नाव सांगतात, आणि बरोबर सांगतात. कंपनीच्या प्रेसशॉपमधल्या आवाजाने एक कान गेला, तरी मी घरात सेमिनारची तयारी करते तेव्हा चांगला कान माझ्याकडे करून बसतात. त्याच माणसाने हे म्हणावं? नीलाबाईंचं बोलणं मी त्या पायऱ्या उतरेपर्यंतच विसरले. हे विसरता येत नाही. खूप रडले, आत्या.

आणि मग तुझ्या मेसेजच्या शेवटी ते ऐकलं. "माझ्या येळेला बी भिवादादानं हेच सांगितलं व्हतं. सोडेल ती. सोडलं मी नर्सिंग. काय वाईट झालं माझं?" म्हणजे पप्पांचं हे वाक्य जुनंच, घरातलंच. मला वाटलं, खास माझ्यासाठी नवीन काढलं.

आजही काळेवाडीतली तुझी अख्खी गल्ली बीपी मोजायला तुझ्याच दारात येते. पोराचा गुडघा फुटला तरी आधी तुलाच हाक मारतात. मग ते नर्सिंग मोडकं होतं का गं? तू चालू असलेलं खाल्लंस, आत्या. घरात कुणीही उपाशी नसताना.

बुद्धरत्नना नकार मी कळवलाय. त्यांनी उत्तरादाखल अंगठा पाठवला. एवढाच त्यांचा स्कोप. पप्पांना मात्र अजून सांगितलेलं नाही. ते साखरपुड्यासाठी हॉल बघतायत, मोठ्या उत्साहाने.

या रविवारी ये. माझी बाजू घेऊ नकोस, ते तुझ्याने व्हायचं नाही. फक्त त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला बस आणि सांग, तुझं काय वाईट झालं ते.

तुझी भाची,
जी सोडणार नाही ती,
मिनल